ढेबेबाईंचा हात

ढेबेबाई वर्गात शिरल्या की आधी फळ्याकडे जात नसत. पुस्तक टेबलावर टाकायचं, बाकांमधल्या वाटेने थेट मागच्या भिंतीपर्यंत जायचं आणि तिथून सावकाश परत यायचं, अशी त्यांची रीत. येताना एकेका पोरीच्या पाठीवर त्यांचा हात पडायचा. थोपटून लगेच उचललेला नव्हे. कमरेच्या थोडा वर टेकायचा, जरा थांबायचा, मग पुढच्या बाकाकडे. पोरी त्या हाताची वाट बघायच्या, आणि बाई आपल्या रांगेतून आल्या नाहीत तर तोंड पाडून बसायच्या. स्टाफरूममध्येही तेच. शाळेतल्या मावशींपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्याजणींच्या पाठीला तो हात माहीत होता.

माझ्या पाठीला नव्हता. आम्ही दोघींनी एकाच शाळेत, एकच विषय, शेजारशेजारच्या तुकड्यांना वर्षानुवर्षं शिकवला. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून डबे खाल्ले. पण ढेबेबाईंनी माझ्या पाठीवर कधी हात ठेवला नाही. मला तो हवा होता अशातला भाग नाही, ज्याच्या त्याच्या अंगाला हात लावण्याची सवय मला मुळातच आवडत नाही. तरी गावजेवणात सगळ्यांच्या पानात जिलबी पडावी आणि वाढपी नेमका आपलं पान चुकवून पुढे जावा, तसं काहीतरी मला रोज वाटायचं.

आडपडदा कशाला ठेवू? मी ढेबेबाईंवर जळत होते. त्या निवृत्त झाल्या म्हणून ते थांबलं असंही नाही. जळायला माणूस समोरच लागतं असं थोडंच आहे.

आमची शाळा पिरंगुटच्या पुढे, पौड रस्त्याला लागून. मी सूसहून स्कूटरवर यायचे. आमची सोसायटी झाली तेव्हा भोवती शेतं होती, आता शेतांच्या जागी आमच्यासारख्याच सोसायट्या आहेत. ढेबेबाई रिहे गावाहून यायच्या, मिळेल त्या वाहनाने. कधी एसटी, कधी दुधाचा टेम्पो, कधी एखाद्या माजी विद्यार्थ्याची मोटारसायकल. माजी विद्यार्थी त्यांना रस्त्यात कुठेही भेटत. मला पेट्रोलपंपावर एकदा एक भेटला होता, तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही ढेबेबाईंच्या शाळेतल्या ना?”

अंगाने त्या चांगल्या भरलेल्या होत्या, आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. उंची बेताची, नऊवारीची सवय असलेल्या बाईने सहावारी नेसावं तशी घट्ट खोचलेली साडी, पायात पुरुषी वाटाव्यात अशा जाड वहाणा. बोलणं अस्सल रिह्याचं. आम्ही बाकीच्या शिक्षिका वर्गात शिरताना भाषा बदलून शिरायचो, तसं त्यांनी कधी केलं नाही. मी “सजीवांमधील ऊर्जासंचय” असं फळ्यावर लिहून खाली रेघ मारायचे. भिंतीपलीकडून ढेबेबाईंचा आवाज यायचा, “आज बघायचं, की खाल्लेलं जातंया कुटं.” आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं भिंतीकडे कान लावायची.

एमएस्सीला मला पहिला वर्ग होता. त्या बीएस्सी होत्या. हे मी कुणाला सांगत नसे, पण विषय निघाला तर लपवतही नसे.

त्यांच्या पर्समध्ये आयोडीनची लहान बाटली असायची, ड्रॉपरवाली. पिष्टावर आयोडीन पडलं की ते निळंकाळं होतं, हे सातवीच्या पुस्तकात आहे आणि ते आपण सगळे परीक्षेपुरतं लक्षात ठेवतो. ढेबेबाईंनी ते जन्मभर लक्षात ठेवलं. दिसेल त्यावर थेंब. कच्चं केळं, पिकलं केळं, रानातून आणलेले कंद, रताळं, कुणाच्या डब्यातली चटणीसुद्धा. आमच्या मुख्याध्यापिकांनी सूसला नवीन फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला जेवणात रबडी होती. ढेबेबाईंनी वाटी उचलली, वास घेतला आणि पर्स उघडली. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. रबडी निळी झाली, म्हणजे आत पीठ घातलेलं. मला, खोटं कशाला सांगू, मनातून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, आज हिची खोड मोडणार. झालं काय, तर मुख्याध्यापिकांच्या यजमानांनी केटररला बाजूला घेऊन झाडला, आणि पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नात आचाऱ्याकडचे पदार्थ चाखून पसंत करायला ढेबेबाईंना खास गाडी पाठवली. माझ्याकडे नुसती पत्रिका आली.

त्यांचं असंच व्हायचं. आपण ज्या गोष्टीने तोंडघशी पडलो असतो, त्याच गोष्टीने त्या वर चढायच्या.

नवरात्रातली गोष्ट तर आमच्या शाळेत अजून सांगतात. पोरींचे नऊ दिवसांचे उपवास, डब्यात साबुदाणा नाहीतर वरई. ढेबेबाईंनी नववीच्या वर्गात टेबलावर एक साबुदाण्याची वाटी ठेवली, एक वरईची, आणि स्वतःच्या डब्यातला तांदळाच्या भाकरीचा तुकडा. तिन्हीवर एकेक थेंब. तिन्ही निळे. “बघा,” म्हणाल्या, “वार, तिथ तुमाला कळतीया. पोटाला न्हाई कळत. त्याला हे समदं पीठच.”

दुसऱ्या दिवशी एका मुलीची आजी आली. डोक्यावर पदर, हातात काठी, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. उपवासाच्या पदार्थाशेजारी भाकरी ठेवून त्यावर औषध टाकलं, म्हणजे पोरीचा उपास बाटवला, असं तिचं म्हणणं. मुख्याध्यापिका घाबरल्या. ढेबेबाई शांतपणे उठल्या, आजीबाईंच्या पाठीशी गेल्या आणि कमरेच्या वर हात टेकवून उभ्या राहिल्या.

“आजी, तुमचा उपास कसला हाय?”

“निरंकार. पानी बी दिवसातनं एकदाच.”

“किती वरसं?”

“लगीन झाल्यापास्नं.”

“म्हंजी देवीला आता तुमची वळख पटली आसंल की. बसा हितं.” असं म्हणून त्यांनी आजीबाईंना माझ्या खुर्चीवर बसवलं, माझ्याच डब्यातलं केळं सोलून त्यांच्या हातात दिलं, आणि ते संपेपर्यंत हात पाठीवरून काढला नाही. आजीबाईंनी केळं खाल्लं. डोळे पुसले. जाताना मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, “आमची नात ह्याच बाईच्या वर्गात ऱ्हाऊ द्या, दुसरीकडं नगं.” ती मुलगी पुढच्या वर्षी माझ्या तुकडीत येणार होती.

केळं माझं होतं, हे कुणाच्याही लक्षात राहिलं नाही.

ऊर्जेचा साठा हा धडा त्या सगळ्यात रंगवून शिकवायच्या. माझ्या पद्धतीत तक्ता असायचा. डावीकडे कर्बोदके, उजवीकडे मेद, खाली फरक. मेदाच्या एका ग्रॅमपासून कर्बोदकांच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते. कर्बोदकं साठताना सोबत पाणी धरून बसतात, मेद कोरडा असतो. यकृतातला ग्लायकोजेनचा साठा जेमतेम दिवसभर पुरतो, त्यानंतर शरीर चरबीला हात घालतं. सगळं बरोबर, सगळं परीक्षेत येणारं. ढेबेबाईंचा तक्ता नव्हता. त्या एक बटाटा आणायच्या आणि फळ्यावर एक पक्षी काढायच्या, तोही बदकासारखा दिसायचा.

“बटाट्याला कुटं जायचंय? कुटंच न्हाई. जमिनीत बसून ऱ्हायचंय. मग जड झाला तरी काय बिघडलं? त्यो पीठ साठीवतो, पान्यासकट. पाखराला मातर समुद्र वलांडायचाय. त्यानं जर पीठ भरलं तर त्ये उडंल का? म्हनून त्ये चरबी साठीवतं. वजन थोडं, दम लई. ज्याला बसायचंय त्याचं पीठ, ज्याला जायचंय त्याची चरबी.”

एक मुलगा विचारायचाच, दरवर्षी कुणी ना कुणी, “बाई, मग तीळ, शेंगदाणा? ते कुठं जातात?”

“बी हाय ती. बी जातीच. यवढ्याशा जागंत लांबच्या वाटंची शिदोरी बसवायची, मग तेलच भरावं लागतंय.”

“आणि भात?”

“भाताला आपल्या रिह्याचा चिखुल सोडून कुटं जायचं नसतंय.”

शेवटचं काही कुठल्या पुस्तकात नाही. मी शोधून पाहिलं आहे. पण रिह्याची पोरं ते उत्तर ऐकून जी हसायची, त्यानंतर आयुष्यात विसरायची नाहीत.

याच हिशेबाने त्यांनी स्टाफरूममधल्या आम्हा सगळ्यांची वाटणी केली होती. गणिताचे सर पाखरू, कारण ते दर दोन वर्षांनी बदलीचा अर्ज करायचे. मावशी पाखरू, कारण त्यांचा पाय घरात ठरत नसे. “आणि मी?” असं मी विचारलं नव्हतं. त्यांनीच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “कुलकर्णीबाई बटाटा.” सगळे हसले. मीही हसले. त्या रात्री नवऱ्याला विचारलं, मी जाड झालेय का. तो म्हणाला, नाही. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. नोकरीत असं चालतंच. पण माझी मुलगी सायली आमच्याच शाळेत होती. अकरावीला तिचं नाव माझ्या तुकडीत आलं, तेव्हा ती मला न विचारता मुख्याध्यापिकांकडे गेली आणि तुकडी बदलून ढेबेबाईंच्या वर्गात जाऊन बसली. घरी आल्यावर तिनेच सांगितलं, “आई, तुझ्या वर्गात मी तुला ‘बाई’ म्हणणार का, उगाच कसंतरी वाटतं.” कारण पटण्यासारखं होतं. मला ते पटलं नाही.

सायलीला पोलिसात जायचं होतं. आमच्या भागात भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्याने पळताना दिसतात, त्यांच्यात ती जायला लागली. मुळात ती जरा गुटगुटीत, माझ्यावर गेलेली. पळायला शिकवणाऱ्या मुलाने तिला म्हटलं, वजन उतरव, वेळ आपोआप सुधारेल. नवरात्र आलं तसा तिने उपवास धरला आणि नवरात्र संपलं तरी तो सोडला नाही. एक वेळ जेवायची. मग तेही निम्मं. वेळ सुधारली. मी शिक्षिका आहे, मुलीने एखादी गोष्ट मनावर घेतली की मला बरंच वाटतं. ती थंडी नसतानाही जाड जॅकेट घालून हिंडायची, म्हणायची, पळणारी मुलं घालतात. मी रोज “नीट जेव” असं सांगत होते. कर्बोदकं, मेद, ग्लायकोजेन, सगळं सांगत होते. तिला त्यातलं सगळं पाठ होतं.

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात ढेबेबाई मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसल्या. डबा उघडला नाही.

“बाई, पोर जेवत न्हाई.”

“कुणाची?”

“तुमची.”

मी म्हटलं, “दोन पोळ्या नेते डब्यात. डबा रोज रिकामा येतो.”

“डबा रिकामा हुतोय. ती जेवत न्हाई.”

“तुम्हाला कसं कळलं?”

त्यांनी स्वतःचा उजवा हात टेबलावर उताणा ठेवला, जसं काही त्याच्यावर लिहिलेलं होतं. “जाकिटातनं बी लागतंया हाताला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून ही बाई मला सांगणार की माझी मुलगी जेवते की नाही? मी म्हटलं, “ढेबेबाई, माझी मुलगी आहे. मी बघेन.” त्या डबा न उघडताच पिशवीत ठेवून उठल्या. मला वाटलं, चला, एकदा तरी आपण जिंकलो.

त्या शनिवारी सायली म्हणाली, “मी रिह्याला जातेय. बाईंनी बोलावलंय.” मी तिला जाऊ दिलं, आणि मागून स्कूटर काढून स्वतः निघाले. तिला हाताला धरून परत आणायची, आणि ढेबेबाईंना त्यांच्या दारातच दोन शब्द सुनवायचे, असं पक्कं ठरवून निघाले होते. वाटेत ते शब्द मी जुळवून पाठही केले.

ढेबेबाईंच्या माहेरी मेंढरं. दिवाळीनंतर भात निघाला की त्यांच्या भावाचा कळप रिह्याच्या वावरात खतासाठी बसतो आणि तिथून पुढे ताम्हिणीच्या घाटाने कोकणात उतरतो. मी पोचले तेव्हा कापलेल्या भाताच्या खाचरात जाळीचं कुंपण लावलेलं होतं. आत मेंढरं आणि त्यांच्यात ढेबेबाई, त्यांचे भाऊ आप्पा आणि माझी सायली. निघायच्या आधीची निवड चालली होती. कुठली मेंढी घाट उतरेल, कुठली मागे ठेवायची. मी बांधावर स्कूटर उभी केली. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

आप्पा एकेक मेंढी पायात धरायचे, बरगड्या संपतात तिथे, कण्यावर हात टेकवायचे, अंगठ्याने दोन्ही बाजूंना दाबायचे, आणि सोडायचे. “ही चालंल.” पुढची. “हिला ठिवा.” मी तो हात ओळखला. कमरेच्या थोडा वर. टेकायचा, जरा थांबायचा. इतकी वर्षं वर्गात, व्हरांड्यात, स्टाफरूममध्ये ज्याला मी लाडीगोडी समजत आले होते, तो हाच होता.

ढेबेबाई सायलीला सांगत होत्या, “डोळ्यानं बघू नगं. लोकर फुगल्याली आसती, आत नुसती हाडं. दाबून बघ. कणा करवतीवानी लागला तर साठा सपला म्हनायचं. मऊ लागला तर वाटंचं हाय तिच्याजवळ.”

सायलीने चार-दोन मेंढ्या तपासल्या. मग एका मेंढीवर हात ठेवला. दिसायला ती कळपात सगळ्यात झुबकेदार, आणि सारखी पुढे पुढे धावणारी. सायली म्हणाली, “ही जाईल. बघा ना, सगळ्यांच्या पुढे पळते.”

आप्पांनी नुसती मान हलवली. “पळती खरी. प्वाटात काय नसलं की हलकं वाटतंया, मग जनावर पळतं. पर घाटात पयली बसती ती हीच.”

“बसली की मग?”

“मग उठत न्हाई.”

सायलीने हात काढला नाही. त्या लोकरीत मनगटापर्यंत हात घालून ती उभीच राहिली. ढेबेबाई तिच्याकडे बघतही नव्हत्या. त्या बांधाच्या कडेला बसल्या, फडकं सोडलं, भाकरी आणि लसणाची चटणी काढली, तांब्यातलं दूध भांड्यात ओतलं आणि खायला लागल्या. हाक मारली नाही, ये म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने सायली आपण होऊन आली, शेजारी बसली आणि त्यांच्या भाकरीचा तुकडा मोडला. जॅकेट काढून बाजूला ठेवलं. खांद्याची हाडं बांधावरून मला दिसली. एक भाकरी खाल्ली. मग दुसरी घेतली.

मला आनंद व्हायला हवा होता. दीड महिना माझ्या पोरीने माझ्या हातचा घास पुरा खाल्ला नव्हता, आणि ती समोर बसून जेवत होती. पण ती माझ्या हातचं खात नव्हती. मी स्कूटरची सीट धरून उभी राहिले. तेच मी सांगितलं होतं. शब्द वेगळे होते, पण तेच. साठा संपला की शरीर स्नायूच खायला लागतं, हे मी तिला आकृती काढून दाखवलं होतं. मग तिने ते एका मेंढीचं का ऐकलं?

मी पाठ केलेले दोन शब्द तसेच गिळले आणि हाक न मारता परत फिरले. संध्याकाळी सायली घरी आली, जेवायला बसली, आणि म्हणाली, “आई, अजून एक पोळी दे.” मी दिली. तूप जरा जास्तच लावलं.

सोमवारी ढेबेबाई नेहमीसारख्या डबा उघडून समोर बसल्या. झाल्या गोष्टीचा त्यांनी एका शब्दाने उल्लेख केला नाही. मीही केला नाही. त्यांनी माझ्या तोंडावर काही म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

सायली पुढे भरती झाली. मैदानी परीक्षेच्या दिवशी मी आणि तिचे बाबा कुंपणाबाहेर होतो, आणि ढेबेबाई नव्हत्या, याचं मला किती बरं वाटलं होतं ते मीच जाणे. पण पळून आल्यावर घामाघूम पोरगी माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, “घाट उतरले.” म्हणजे तिथेही त्या होत्याच.

ती प्रशिक्षणाला लांब गेली. ढेबेबाई त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. निरोप समारंभात पोरी हमसून रडल्या. मी भाषण केलं, चांगलं केलं. सभागृहातून बाहेर पडताना त्या ओळीने प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत गेल्या. माझ्यापाशी आल्या, हात जोडले आणि पुढे गेल्या. मी मनात म्हटलं, राहू दे.

घर मोठं वाटायला लागलं. नवरा कामावरून रात्री उशिरा यायचा. एकटीसाठी कणीक भिजवायचा कंटाळा यायचा. चहात बिस्किटं बुडवून ओट्याशी उभ्याउभ्या खायची, झालं जेवण. मला काही होत नव्हतं. साडी मात्र सैल पडून दोन पिनांवर बसेना, तिसरी लावावी लागे.

मग एका रविवारी सायलीचा वर्दीतला फोटो आला. पहिला. मी तो पाहत असतानाच तिचा फोन आला, “आई, बाईंना दाखवशील? त्यांच्या फोनवर फोटो दिसत नाहीत.” पहिल्याच दिवशी. मला तो पुरता बघूही दिला नव्हता. तरी गेले. थंडी होती म्हणून नवऱ्याचा जाड स्वेटर घातला आणि स्कूटर काढली.

ढेबेबाई अंगणात पावटे सोलत बसल्या होत्या. केस पार पांढरे झालेले, बाकी तशाच, भरलेल्या. मी फोन पुढे केला. त्यांनी हात पदराला पुसले, फोन लांब धरून पाहिला, मग जवळ धरून. चेहरा नाही पाहिला, खांदे पाहिले.

“भरली पोर,” म्हणाल्या.

मी म्हटलं, “हो. तिकडे जेवण चांगलं असतं म्हणे.”

त्यांनी फोन परत दिला आणि पाणी आणायला म्हणून उठल्या. माझ्या मागून जाताना थांबल्या. स्वेटरवरून, कमरेच्या थोडा वर, हात टेकला. अंगठ्याने कण्याच्या एका बाजूला दाबलं, मग दुसऱ्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली नाही असं मी स्वतःला सांगत आले होते, तो हात माझ्या पाठीवर होता आणि मला हलता येईना.

“कुलकर्णीबाई, जेवत न्हाई व्हय तुमी?”

मी म्हटलं, “मला काय होतंय. तुम्हीच म्हणाला होतात ना, मी बटाटा. कुठे जायचंय मला?”

“म्हनून तर कदी हात लावला न्हाई. म्हनलं, हिची काळजी न्हाई, ही बसल्याली हाय, भरल्याली हाय.” हात अजून तिथेच होता. “पर बटाट्याला कोंब फुटला की बटाटा वाळतोय, बाई. समदं पीठ कोंबाला जातंय. तुमीच शिकीवलंय की नववीला.”

मी शिकवलं होतं. आकृतीसकट. डोळे भरून आले, ते मी पावट्याच्या टोपलीकडे बघत तसेच ठेवले. त्या हात काढून आत गेल्या. चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा. ताटात भाकरी, पावट्याची आमटी आणि वर लोण्याचा गोळा घेऊन त्या बाहेर आल्या, ताट माझ्यापुढे ठेवलं आणि पुन्हा पावटे सोलत बसल्या. खा म्हणाल्या नाहीत.

मी एक भाकरी खाल्ली. मग दुसरी मागितली. माझ्या भाकरीपेक्षा ती कितीतरी मऊ होती. तेवढंही त्या बाईने माझ्यासाठी शिल्लक ठेवलं नव्हतं.